पोटरी चोळण्याआधी चार प्रश्न विचारा



बंदी संपायला आता थोडेच दिवस राहिले. १ ऑगस्टला ट्रॉलर परत दर्यात उतरतील. जेटीवर रंगकाम चालू आहे, इंजिनं उघडून बसलेत, जाळी शिवून होत आलीत. डिझेल, बर्फ आणि कागदपत्रांच्या सूचना आम्ही वेगळ्या टाकणारच आहोत. आज मात्र पायाबद्दल लिहायचं आहे. खरं सांगायचं तर पोटरीबद्दल. वाचून हसू येईल, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या हंगामातली गोष्ट. ऑगस्टचा दुसरा आठवडा. आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरवरचा खलाशी सोसायटीच्या कार्यालयात आला. ओडिशाचा मुलगा, पंचविशीतला. दोन्ही पोटऱ्या धरून म्हणाला, "बहुत दुखता है." आम्ही काय म्हणालो? दोन महिने गावी बसून आलास, पहिल्याच फेऱ्या आहेत, दुखणारच. डब्यातली दुखण्यावरची गोळी दिली, बामची बाटली दिली, पाठवून दिला. तो होडीवर गेला. रात्री सोबत्यांनी तेल लावून पोटऱ्या चोळून दिल्या. दुसऱ्या दिवशी होडी बाहेर पडली.

तिसऱ्या दिवशी दर्यात त्याला उभं राहता येईना. अंगात हुडहुडी, डोळे लालभडक, लघवी जवळजवळ बंद. तांडेलाने शहाणपणा केला, मासळीचा विचार न करता होडी फिरवली. जेटीवर १०८ उभी होतीच. इस्पितळात कळलं की हा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती. काही दिवस डायलिसिसवर ठेवावं लागलं. मुलगा वाचला, हे दर्याचं देणं.

डॉक्टरांनी आम्हाला एकच गोष्ट विचारली होती : ताप कधीपासून होता? कोणालाच सांगता येईना. मालकाला नाही, तांडेलाला नाही, आम्हालाही नाही. बरा झाल्यावर तोच म्हणाला, कार्यालयात आलो त्या दिवशीच अंग गरम होतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नव्हे. पण त्यानंतर डॉक्टरांना भेटून, विचारून, समजून घेतलेलं तुमच्यापुढे ठेवत आहोत. सांगणं एवढंच आहे की पोटरी दुखली तर शंभरातल्या बहुतेक वेळा ते साधं दुखणं असतं. पण काही वेळा ते साधं नसतं, आणि त्या वेळी आपण सगळ्यात आधी जे करतो, म्हणजे चोळणं आणि गोळी देणं, तेच चुकीचं ठरतं. फरक ओळखायला चार प्रश्न पुरतात.

आपल्याच पोटऱ्या एवढ्या का दुखतात?

गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत जो मांसल भाग आहे, ती पोटरी. त्यात मुख्य दोन स्नायू असतात, एक वरचा आणि एक त्याच्या खाली दडलेला. दोन्ही खाली येऊन एका जाड शिरेत मिसळतात आणि ती टाचेच्या हाडाला बांधलेली असते. टाच उचलायची, चवड्यावर उभं राहायचं, पुढे पाऊल टाकायचं, हे सगळं ह्यांच्या जोरावर.

आता होडीवरचं काम बघा. जमिनीवरचा माणूस उभा असतो तेव्हा त्याच्या पोटरीला थोडा तरी आराम असतो. होडी हलती असते. लाट आली की शरीर एकदा पुढे, एकदा मागे जातं, आणि पडू नये म्हणून पोटरी सारखी ताणते, सैल होते, परत ताणते. आपल्याला ते कळतही नाही. आठ तास उभं राहिलेला खलाशी एक मैल चालला नसेल, तरी त्याची पोटरी दिवसभर राबलेली असते. त्यात ओली फळी, बूट घसरतात, मग बोटं रोवून उभं राहायचं.

रापणीवर आणखी वेगळा ताण. दोर ओढत मागे मागे चालायचं, ओल्या रेतीत टाच रुतते, चवडा वर राहतो. ह्या अवस्थेत पोटरी पूर्ण ताणलेली असते आणि त्याच वेळी तिने जोर लावायचा. रापणकारांना पोटरी भरून येते ती ह्याने.

आणि आमच्या भगिनी. पहाटे जेटीवर लिलावाला उभ्या, मग पाटी घेऊन बाजारात, मग तासन् तास उकिडवं नाहीतर बुटक्या पाटावर बसणं. गुडघे दुमडलेले, रक्त खाली साचतं. पोटरीचं दुसरं एक काम असतं, पायातलं रक्त वर ढकलायचं. चालताना पोटरी आवळते तेव्हा शिरा दाबल्या जातात आणि रक्त काळजाकडे जातं. बसून राहिलं किंवा एका जागी उभं राहिलं की हा पंप बंद. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, निळ्या शिरा फुगतात, त्याचं कारण हे.

साधं दुखणं : हंगामाचा पहिला आठवडा

दोन महिने काम नाही आणि एकदम पहिल्या दिवसापासून पूर्ण जोर. स्नायूंना सवय राहिलेली नसते. त्यांच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते. हे दुखणं कामाच्या वेळी येत नाही, दुसऱ्या दिवशी येतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं आणि चार-पाच दिवसांत जातं. दोन्ही पाय सारखे दुखतात. ताप नसतो, सूज नसते. ह्याला औषध लागत नाही. हलकं चालणं, कोमट पाण्याचा शेक, पुरेशी झोप. तेल लावून हलक्या हाताने चोळलं तर इथे चालतं.

गोळा आला तर

पोटरीत गोळा येणं, कोणी पेटका म्हणतं, कोणी वांब म्हणतं, सगळं एकच. स्नायू आपोआप आवळतो आणि सुटत नाही. दगडासारखा कडक होतो. काही सेकंद ते काही मिनिटं. झोपेत आला तर माणूस ओरडत उठतो. पोहताना किंवा जाळ्यात पाय असताना आला तर जिवावर बेततं.

करायचं काय? गुडघा सरळ करा आणि पायाचा चवडा स्वतःकडे, नडगीच्या दिशेने ओढा. हात पोचत नसेल तर सोबत्याला सांगा. किंवा उभं राहून टाच जमिनीला टेकवून अंगाचा भार त्या पायावर द्या. तीस सेकंद तसंच धरा. गोळा सुटतो. सुटल्यावर हलक्या हाताने चोळा. गोळा असताना त्यावर बुक्के मारू नका.

गोळा का येतो? थकलेला स्नायू हे मोठं कारण. दुसरं, घामावाटे पाणी आणि मीठ जाणं. इंजिनाजवळ काम करणाऱ्या ड्रायव्हरला विचारा. आपण पाणी कमी पितो हेही खरं आहे. होडीवर पाणी मोजून असतं, म्हणून कमी पितो. बाजारातल्या बाया पाणी पीत नाहीत, कारण मुतारी नाही किंवा आहे ती जाण्यासारखी नाही. आणि दारूने तहान भागत नाही. उलट दारूमुळे लघवी जास्त होते आणि अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

ओआरएसची पुडी मिळाली तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा, अर्ध्या पेल्यात पूर्ण पुडी नको. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ ह्यापेक्षा जास्त घालू नका. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जुलाब-उलट्या होत आहेत आणि त्याबरोबर पोटऱ्यांत गोळे येत आहेत, तर अंगातलं पाणी आणि मीठ झपाट्याने जात आहे. २०२४ च्या हंगामाच्या तोंडाला कुटबण जेटीवर कामगारांत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरला होता आणि काही जण दगावले, हे आपण विसरलेलो नाही. पाण्यासारखे जुलाब आणि पायात गोळे दिसले की ओआरएस पाजत पाजत थेट इस्पितळ. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

वयस्कर माणसांना आणि गरोदर बायकांना रात्री गोळे येतात, ते बहुधा घाबरण्यासारखे नसतात. झोपण्याआधी पोटरी ताणून घेतली तर कमी होतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल आणि त्यानंतर पोटऱ्या दुखू लागल्या असतील, तर डॉक्टरांना सांगा. स्वतःच गोळी बंद करू नका.

लचक आणि तुटलेली शीर

जेटीवर उडी मारली, दोर ओढताना पाय घसरला, आणि पोटरीत एकदम कळ आली. लोक सांगतात, मागून कोणी दगड मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर कोणीच नाही. हा स्नायू फाटल्याचा प्रकार. चाळिशीच्या पुढच्यांना जास्त होतो.

इथे आपल्याकडे एक औषध भरपूर आहे, बर्फ. फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, दोन-तीन तासांनी परत. बर्फ सरळ कातडीवर ठेवू नका, कातडी जळते. जखम असेल तर मासळीतला बर्फ लावू नका, स्वच्छ बर्फ घ्या. पाय उशीवर किंवा जाळ्याच्या गठ्ठ्यावर उंच ठेवा. पट्टा बांधला तर बोटं निळी-गार पडणार नाहीत एवढाच घट्ट. पहिले दोन दिवस गरम शेक नको, चोळणं नको, दारू नको. ह्या तिन्हींनी आतला रक्तस्राव वाढतो. मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायची आपली पद्धत चांगली, पण ती तिसऱ्या दिवसानंतर. मधुमेह असलेल्यांनी तर गरम शेक जपूनच घ्यावा, पायाला चटका कळत नाही आणि भाजतं.

'टक' असा आवाज आला आणि चवड्यावर उभंच राहता येत नाही, तर टाचेची जाड शीर तुटली असण्याचा संभव आहे. एक सोपी तपासणी : माणसाला पालथं झोपवा, पाऊल फळीच्या बाहेर लोंबू दे, आणि पोटरी हाताने दाबा. चांगल्या पायाचं पाऊल दाबल्याबरोबर खाली हलतं. तुटलेल्या पायाचं हलत नाही. असं झालं तर हाडाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी. प्लास्टर लागेल की शस्त्रक्रिया, ते डॉक्टर ठरवतील. 'लचकलंय, होईल बरं' म्हणून महिना घालवला की मग जोडणं कठीण जातं.

आता ते चार प्रश्न

कोणीही पोटरी दुखते म्हणाला की तेलाची बाटली काढण्याआधी हे विचारा.

पहिला : अंगात ताप आहे का?

आमच्याकडून राहिलेला प्रश्न हाच. लेप्टोचा जंतू उंदरांच्या मुतातून येतो, कधी गुरं-कुत्र्यांच्याही. पायाला जखम किंवा भेग असेल तर तिथून अंगात शिरतो. डोळ्यातोंडात घाण पाणी गेलं तरीही. खाऱ्या पाण्यात तो फार टिकत नाही, पण जेटीवर साचलेलं पावसाचं पाणी, बंदीत होडीच्या तळाला जमलेलं पाणी, जाळी ठेवायच्या खोपीतला चिखल, ही त्याची जागा. आणि नेमकं हेच सगळं आपण हंगामाच्या आधी अनवाणी साफ करतो. त्या खलाशानेही तेच केलं होतं.

लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, कधी त्याआधी किंवा नंतरही. अचानक ताप, थंडी, डोकेदुखी, डोळे लाल, आणि स्नायू दुखणं, त्यातही पोटऱ्या आणि कंबर. पोटरी नुसती दाबली तरी माणूस कळवळतो. पुढे डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते किंवा कमी होते, श्वास लागतो. एवढं होईपर्यंत थांबायचं नाही. सुरुवातीलाच प्रतिजैविक औषध मिळालं तर बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. डॉक्टरकडे गेल्यावर आपण होऊन सांगा की जेटीवर काम करतो, घाण पाण्यात उतरलो होतो. डेंग्यूतही ताप आणि अंगदुखी असते, म्हणून फरक रक्त तपासूनच कळतो.

ताप असताना दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी, डायक्लोफिनॅकसारखी, कोणालाही देऊ नका. लेप्टोत ती मूत्रपिंडाला आणि डेंग्यूत रक्तस्रावाला धोक्याची ठरू शकते. इस्पितळात पोचेपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉल पुरे, तेही प्रमाणात.

दुसरा : एकच पाय सुजलाय का?

थकव्याने दोन्ही पाय दुखतात. एकच पोटरी सुजली, गरम लागते, लाल किंवा निळसर दिसते, दाबल्यावर दुखते, आणि कुठे मार लागल्याचं आठवत नाही, तर आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल. शस्त्रक्रिया झालेली, बाळंत झालेली किंवा गरोदर बाई, पायाला प्लास्टर असलेला, बरेच दिवस अंथरुणावर असलेला, कर्करोगाचं औषध चालू असलेला, गर्भनिरोधक गोळ्या घेणारी, आणि लांबचा प्रवास करून आलेला माणूस, ह्यांना ती जास्त होते. आपले खलाशी दोन-दोन दिवस रेल्वेच्या गर्दीत पाय दुमडून बसून येतात, हेही ध्यानात ठेवा.

अशी पोटरी चोळायची नाही. अजिबात नाही. आपल्याच वाड्यावरच्या एका घरात ऑपरेशन होऊन आलेल्या काकूंचा पाय सुजला होता. सून तेल लावून रोज चोळून देत होती, मायेनेच. सुदैवाने ड्रेसिंगला आलेल्या नर्सने बघितलं आणि थांबवलं. पायाची डॉप्लर सोनोग्राफी केली, गुठळी निघाली. चोळताना गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दारातच जाऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधं वेळेवर सुरू झाली, काही महिने घ्यावी लागली, काकू आज हिंडतात-फिरतात. सुजलेल्या पायाबरोबर दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर तिथूनच १०८.

तिसरा : चालल्यावरच दुखतं आणि थांबल्यावर राहतं का?

जेटीच्या तोंडापासून लिलावाच्या शेडपर्यंत गेलं की पोटरी आवळते, दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी होते, परत तेवढंच चाललं की परत तसंच. हा थकवा नव्हे. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ही खूण आहे. पाऊल गार लागतं, पायाचे केस जातात, बोटाची जखम भरत नाही.

ह्याचं मोठं कारण विडी-सिगारेट. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ही बाकीची. तंबाखूमुळे तिशी-चाळिशीतल्या पुरुषांच्याही पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात आणि बोटं काढावी लागतात. तेलाने, बामने, शेकाने हे बरं होत नाही. विडी सोडणं हाच पहिला इलाज, त्याबरोबर डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज चालणं आणि औषधं. अशा रक्तवाहिन्या काळजातही अरुंद झालेल्या असू शकतात, म्हणून एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. रात्री झोपेतसुद्धा पाऊल दुखायला लागलं किंवा बोट काळं पडायला लागलं, तर एक दिवसही थांबू नका.

चालताना दुखतं पण कंबरेपासून मांडीच्या मागून पोटरीत कळ उतरते, मुंग्या येतात, आणि पुढे वाकलं की बरं वाटतं, तर दोष पाठीच्या मणक्यात असू शकतो. बर्फाचे, मासळीचे ट्रे उचलणाऱ्यांत हे दिसतं. पायातली ताकद कमी झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी इस्पितळ.

चौथा : मार लागल्यानंतर पाय दगडासारखा झालाय का?

विंचवरचा दोर तुटून पायावर आपटला, पाय दोन होड्यांच्या मध्ये चेपला, वर ट्रे कोसळले. कधी हाड मोडलेलं नसतं, कातडी फाटलेली नसते, म्हणून आपण म्हणतो वाचला. पण पोटरीच्या आत सूज वाढत जाते, बाहेरचं आवरण ताणत नाही, आणि आतल्या आत रक्त पोचणं थांबतं. दुखणं लागल्याच्या मानाने फार जास्त असतं, गोळीने कमी होत नाही, बोटं नुसती हलवली तरी जीव जातो, पाऊल बधिर होतं. इथे दिवस नाही, तास मोजायचे असतात. काही तासांत शस्त्रक्रिया करून दाब सोडवला नाही तर स्नायू मरतो. पट्टा बांधलेला असेल तर सोडा, पाय काळजाच्या पातळीवर ठेवा, फार उंच नको, आणि होडी वळवा. दर्यात असाल तर व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ ह्या क्रमांकावर कळवा.

चारही प्रश्नांची उत्तरं 'नाही' असतील, तर खुशाल तेल लावा. तरीही आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

१ ऑगस्टच्या आधी करायचं

उरलेल्या दिवसांत रोज पंधरा मिनिटं काढा. भिंतीला हात टेकवून एक पाय मागे घ्या, गुडघा सरळ, टाच जमिनीला. पुढे झुका, तीस सेकंद धरा. मग तोच मागचा गुडघा थोडा वाकवून परत तीस सेकंद, त्याने खालचा स्नायू ताणला जातो. दोन्ही पायांनी तीन-तीन वेळा. नंतर कशाला तरी धरून टाचा उचला, सावकाश खाली या, दहा-पंधरा वेळा. पहिल्या दिवशी जोर करू नका, हळूहळू वाढवा. बाजारात बसणाऱ्यांनी अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालावं. उठता येत नसेल तर बसल्या बसल्या घोटे वर-खाली करावेत. निळ्या शिरा फुगणाऱ्यांनी रात्री पाय उशीवर ठेवावेत. घट्ट मोजे डॉक्टर सांगतील तेच वापरावेत, कारण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला तसले मोजे घातक ठरतात.

खोप आणि होडीचा तळ साफ करताना गमबूट आणि हातमोजे घाला. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. काम झालं की साबणाने पाय धुवा. उरलेलं जेवण, मासळीचा कचरा होडीत ठेवू नका, उंदीर त्यावरच येतात. उंदीर फार असतील आणि घाण पाण्यात उतरावंच लागणार असेल, तर आधी आरोग्य केंद्रात विचारा. लेप्टो होऊ नये म्हणून गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात.

मालकांना आणि तांडेलांना विनंती

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. खलाशी दुखणं लपवतो. होडी गेली की त्याचा रोज जातो, वाटा जातो, आणि मालक नाराज होईल ही भीती. बाहेरून आलेल्याला इथली भाषाही नीट येत नाही. मग तो पोटरी धरून गप्प बसतो आणि दर्यात कोसळतो. तेव्हा होडी परत आणायचं डिझेल, बुडालेली फेरी आणि इस्पितळाची धावपळ ह्याचा हिशेब मालकांनीच करून बघावा. ताप असलेल्या माणसाला किनाऱ्यावर ठेवून डॉक्टरकडे पाठवलं तर त्या दिवसाचा रोज कापू नये, ही सोसायटीची विनंती आहे.

आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. कार्यालयातल्या डब्यातून आता कोणालाही दुखण्याची गोळी नुसती मागितली म्हणून मिळणार नाही. आधी थर्मामीटर लावू, दोन्ही पाय उघडे करून बघू, चार प्रश्न विचारू आणि वहीत लिहून ठेवू. प्रत्येक होडीसाठी ओआरएसच्या पुड्या, थर्मामीटर आणि चार प्रश्नांचा मराठी-हिंदी कागद तयार आहे. हिंदीत पोटरीला पिंडली म्हणतात, तोच शब्द त्यात घातलाय. होडी सुटण्याआधी तांडेलांनी घेऊन जावा आणि केबिनमध्ये चिकटवावा.

सभासदांनी आपलं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का ते आत्ताच बघून घ्यावं, आजारी पडल्यावर नको. अडचण असेल तर कार्यालयात या, आम्ही कागद बघून देऊ.

तो ओडिशाचा मुलगा परवा आला. बारीक झालाय, पण चालतो चांगला. डॉक्टरांनी काम करायला हरकत नाही असं लिहून दिलंय, तो कागदही त्याने दाखवला. त्याच ट्रॉलरवर जाणार आहे. आम्ही त्याला विचारलं, "बुखार है?" तो हसला.

हा लेख आपल्या होडीवरच्या प्रत्येकाला वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तर नक्कीच.

सर्वांना येणाऱ्या हंगामाच्या शुभेच्छा. दर्या सांभाळून घेवो.

आपले,
सचिव आणि कार्यकारी मंडळ